विहिरीचा कोपरा

कापसाचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. खरंच सांगते. लोकांना दिवाळीनंतरची ही कोवळी थंडी आवडते, सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून बसावंसं वाटतं. मला मात्र रस्त्याने कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या, कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकू लागले, की नाक खाजतं आणि माय आठवते. माय आठवली की गोधडी आठवते, आणि गोधडी आठवली की त्या हंगामात आमच्या एका खोलीत जो तमाशा झाला तो पहिल्यापासून आठवतो. चिडचिड होते ती वेगळीच. इतक्या वर्षांनी कोणावर चिडणार? सगळे गेले.

यंदा त्यात भर म्हणून प्रज्ञा आली. प्रज्ञा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, शांताबाईची नात. चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. शांताबाई गेल्यावर तिच्या पेटीतली ती गोधडी या पोरीच्या हाती लागली, आणि आता म्हणे ती प्रदर्शनात भिंतीवर टांगायची आहे. "मावशीआजी, हे टेक्सटाइल आर्ट आहे," ती मला समजावू लागली. "घर, स्मृती आणि विस्थापन." मी म्हटलं, "बाई गं, ती पांघरायची वस्तू आहे. तिच्यावर तुझ्या आजोबांनी चहा सांडलाय आणि तुझ्या बापाने तान्हेपणी काय काय केलंय ते सांगत नाही." तर ही खूश! म्हणे, हेच तर पाहिजे.

विस्थापन! हा शब्द तेव्हा आम्हाला माहीत असता तर निदान भांडताना तरी उपयोगी पडला असता. आम्ही आपलं 'गाव सुटलं' म्हणायचो. जसं काही गावच आमच्या हातातून निसटून पडलं. सुटलं कसलं, सोडावं लागलं. पण तसं म्हटलं की बाबांचा चेहरा उतरायचा, म्हणून सुटलं.

गाव वर्ध्याजवळच्या आंजीच्या पलीकडे, नदीकाठी. नाव सांगत नाही. आता तिथली पोरं चांगली आहेत, त्यांना कशाला त्रास. नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी बाबा आणि काका पांढरे कपडे घालून गेले आणि परत आले ते ताठ होऊन आले. मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाले. गावाची येसकरकी, म्हणजे वेशीची राखण आणि निरोप पोचवणं, करणार नाही म्हणाले. गावाने भांडण केलं नाही, मारामारी केली नाही. गावाने फक्त कामाला बोलावणं बंद केलं. वावरं कापसाने फुटलेली आणि आमच्या वस्तीतल्या बाया हात बांधून दारात बसलेल्या, हे मी पाहिलेलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी बंडीवर सामान टाकलं आणि आम्ही वर्ध्याला आलो. काकाही आले. पहिल्याच पावसाळ्यात मागे घराच्या मातीच्या भिंती बसल्या. छपराचे कवेलू कोणी नेले ते आम्ही विचारलं नाही.

वर्ध्यात आमची खोली कापसाच्या जिनामागे होती, जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात. टिनाचं छप्पर, एक दार, खिडकीच्या नावाने एक भोक. हंगाम सुरू झाला की दिवसभर जिनाची घरघर. ती थांबली की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. भाकरीवर रुई, पाण्यावर रुई, मायच्या पापण्यांवर रुई. जिनाच्या अंगणात सरकीचे ढीग असायचे आणि ती सरकी खाऊन माजलेले उंदीर असायचे, मांजराएवढे. मांजरं त्यांना वाट द्यायची. बाबा जिनात हमाली करायचे आणि संध्याकाळी यायचे ते पांढरे होऊन. माय त्यांना दारातच उभं करायची आणि सदऱ्यावरची रुई चिमटीने वेचून एका मडक्यात टाकायची.

"काय करून राह्यली व?" बाबा वैतागायचे. "मुकादम पाहीन त चोरी म्हनीन."

"अंगावरची रुई का चोरी होते? तुमचं अंग त्याचं हाय का?" माय म्हणायची आणि वेचत राहायची. ती रुई गोधडीत जायची होती.

कारण त्याच हंगामात शांताबाईचं लग्न ठरलं. मुलगा तळेगावचा, शाळेत मास्तर. आमच्यात पोरगी सासरी जाताना मायच्या हातची गोधडी घेऊन जाते. तिच्यात घरातल्या सगळ्यांचे जुने कपडे असतात. पोरीला परक्या घरी झोप लागत नाही तेव्हा तेवढा तरी वास ओळखीचा असावा, असं माय सांगायची. साधी रीत आहे. ठिगळं जोडा, धावदोरा घाला, द्या पाठवून. पण नाही! मायच्या मनाने घेतलं की पोरीला माहेर म्हणून दाखवायला घरच उरलं नाही, तर ते घर गोधडीवर काढायचं. वरून पाहिल्यासारखं. दार, ओटा, चूल, निंब, गोठा, गावातली वाट, सगळं. "पोरगी माहेराले कोनतं माहेर म्हनीन? ह्या टिनाले?" ती म्हणायची.

आणि तिथून आमच्या जिवाला घोर लागला.

बाबांच्या जुन्या धोतराच्या भिंती झाल्या. काकांच्या खाकी चड्डीचं दार झालं. मायच्या हिरव्या चोळीचा निंब झाला आणि तो तिने दाराच्या उजवीकडे बसवला. रविवारी काका आले, चहा घेतला, गोधडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, निंब डाव्या हाताले होता."

"उजव्या."

"डाव्या व. मी पडलो नाई का त्याच्यावरून?"

"तुम्ही पडले थे डोक्यावर पडले," माय म्हणाली. "म्हनून आठवत नाई."

मग बाबांनी विचारलं, "घरात जाताना उजव्या, का घरातून निघताना उजव्या?" झालं! यावर सगळी संध्याकाळ गेली. तिघेही उठून त्या एवढ्याशा खोलीत दारातून आत येत होते आणि बाहेर जात होते, हात लांब करून निंब दाखवत होते. शेजारची बाई कोणी वारलं की काय म्हणून पाहायला आली. शेवटी निंब उसवला आणि डावीकडे गेला. पुढच्या रविवारी काका म्हणाले, बहुतेक वहिनीचंच बरोबर होतं. निंब परत उजवीकडे. त्या हिरव्या चोळीची टाके घालून घालून चाळणी झाली होती.

सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे. माय जुन्या लुगड्याच्या काठातून दोरे ओढायची, त्यांना जिभेवर ओलं करायची आणि मला ओवायला सांगायची. मी शाळेत नुकतीच अंक शिकत होते, डोळे तेज होते, म्हणून शिक्षा मला. पोरं बाहेर लगोरी खेळताहेत आणि मी ओवतेय. घातलेला दोरा काकांच्या एका वाक्यावर उसवला जातोय आणि मी परत ओवतेय. मला तेव्हा त्या घराचा इतका राग आला होता की वाटायचं, बरं झालं पडलं ते.

प्रज्ञा म्हणते ही उसवल्याची जुनी भोकं दिसतात ती फार बोलकी आहेत. आठवण कशी बदलत जाते ते त्यातून कळतं म्हणे. मी म्हटलं, आठवण नाही गं, ते आमचे काका.

पण तिलाच कशाला बोलू? मीसुद्धा एकदा गेले होते ते घर पाहायला. मास्तरीण झाल्यावर, शाळेच्या कामाने त्या गावात जायची पाळी आली. लोकांनी चहा दिला, खुर्ची दिली, ताई ताई केलं. काम संपल्यावर मी एकटीच वस्तीकडे गेले. घराच्या जागेवर कोणाच्या तरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग पडलेला. निंब नव्हताच, उजवीकडे नाही आणि डावीकडेही नाही. दार कुठे होतं, मी कुठे निजायचे, चूल कुठे होती, काही म्हणजे काही लागेना. मी त्या ढिगाभोवती वेड्यासारखी फिरले आणि मला मायचा राग आला, की ती सांगायची तेव्हा मी नीट ऐकलं का नाही. गावाच्या मधली विहीर मात्र होती. तिच्यावर लोखंडी जाळी टाकलेली, आत प्लास्टिकच्या पिशव्या. गावात नळ आले होते. त्या विहिरीचं पाणी आता कोणीच पीत नव्हतं. जिला आमचा हात लागू नये म्हणून गावाने एवढं केलं तिच्यात आता कचरा! मी तिथेच उभी राहून मोठ्याने एक शिवी दिली. शिक्षिकेने देऊ नये अशी.

तर विहीर. माझ्या आईबापांचं खरं भांडण तिच्यावरून झालं. निंब आणि दार हा पोरखेळ होता.

घर झालं, वाट झाली, एक कोपरा रिकामा राहिला. मायने काळ्या कापडाचा गोल कापला आणि त्या कोपऱ्यात ठेवला. बाबा भाकरी खात होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"हे काय?"

"विहीर."

"कोनाची?"

"गावाची. मधातली."

"जिच्या ओट्याले हात लावू देल्ला नाई, थे विहीर माह्या पोरीच्या अंगावर टाकतं?" बाबांचा आवाज चढला. "काहाडून टाक."

"होती त होती," माय म्हणाली. "मी लगन होऊन आली तवा तुमच्या मायनं मले पयले थेच दाखवली. घर नाई दाखवलं, चूल नाई दाखवली. म्हने, हे विहीर, हिले शिवाचं नाई. तवापासून मी गावात कुठंबी गेली त तिच्यापासून किती दूर हावो हे पाहून चालली. आता तिच्याशिवाय गाव कसं काढू?"

बाबा उठून गेले. त्यानंतर ते मायशी बोलेनात आणि माय त्यांच्याशी बोलेना. एका खोलीत, हाताच्या अंतरावर बसून. "तुह्या मायले सांग, मीठ कमी हाय." "तुह्या बाबाले सांग, मीठ संपलं हाय." दोघांनाही दोघांचं नीट ऐकू जायचं, तरी मला मध्ये उभं राहून सांगावं लागायचं. जीव नकोसा केला होता त्यांनी. विहीर राहिली. बाबांनी गोधडीकडे पाहणं सोडलं. लग्नात ती द्यायची नाही असं त्यांनी काकांना बजावून ठेवलं, आणि दिल्याशिवाय पोरीला जाऊ देणार नाही असं मायने शेजारणीला सांगून ठेवलं.

या सगळ्यात शांताबाई कुठे होती? कामावर. शहराला लागून असलेल्या वावरांत बायांसोबत ती कापूस वेचायला जायची. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली घेऊन संध्याकाळी यायची, भाकरी थापायची, झोपायची. गोधडी तिच्यासाठी, माहेर तिचं, आणि आमच्या घरात तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही की बाई, तुला काय पाहिजे. मीही नाही विचारलं. तीही बोलली नाही. ती तशीच होती, घुमी.

लग्न तोंडावर आलं. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवून बंद करायचा तो विहिरीचा. आणि मायने तिथे काय केलं, तर तिच्या मायने केलं होतं ते. भाकरीचा एक तुकडा आत ठेवला आणि मग कोपरा शिवला. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणारा उपाशी राहतो, म्हणून तिला पहिला घास द्यायचा. बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या मायले विचार, देव सोडले त हे काऊन नाई सोडत?"

"तुह्या बाबाले सांग," माय म्हणाली, "हा देव नोय. हे गोधडी होय. हिले भूक लागते."

गावात हे चाललं असतं. गावात गोधडी उंच आढ्याला बांधून ठेवायचे. इथे आढं कुठलं? मायने ती दोरीवर टाकली, दोरी जिनाच्या भिंतीकडून आलेली, म्हणजे उंदरांना वाटच. वर्ध्याचे सगळे उंदीर सरकीला कंटाळलेले. सकाळी उठून पाहतो तर गोधडीला भोक. कोपऱ्यातलं काळं कापड, आतली रुई, भाकरी, सगळं साफ. विहीर उंदरांनी खाल्ली होती.

बाबा हसले. मोठमोठ्याने हसले. "उंदरालेबी कयलं! पाह्य, पाह्य, विहीर नोको हे उंदरालेबी कयलं!"

माय खाली बसली आणि रडू लागली. गाव सोडताना ती रडली नव्हती, घर पडल्याचं कळलं तेव्हा रडली नव्हती. भोकात बोटं घालून, उरलेली रुई पुन्हा पुन्हा आत ढकलत ती रडत होती. "माह्या पोरीले मी काय देऊ? काय देऊ आता?" एवढंच म्हणत होती. मला तर बाबांना मारावंसं वाटलं.

बाबांचं हसू थांबलं. मग त्यांनी पेटी उघडली आणि नागपूरला नेसून गेले होते ते पांढरं धोतर काढलं. ते त्यांनी एरवी कधी नेसलं नव्हतं, लग्नात नेसणार होते. दाताने कड धरून त्यांनी त्याचा एक तुकडा फाडला. ते फाटताना आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

"घे. ठिगय लाव," ते मायला म्हणाले. मला मध्ये न घालता.

मायने डोळे पुसले. "त्याच्यावर काय काढू?"

"विहीरच काढ." बाबा भिंतीला टेकून बसले. "पन तिच्या ओट्यावर शांतीले उभी कर. दोर तिच्या हाती दे. पानी भरून राह्यली असं दाखव. पाहू कोन हटवते."

काका नेमके तेव्हाच आले होते, ते दारातच थांबले आणि डोळ्याला धोतर लावलं. मलाही ते ऐकून इतकं बरं वाटलं! वाटलं, आता मिटलं. मायने लगेच काळा गोल कापून त्या पांढऱ्यावर टाकला. शांताबाईच्या लहानपणीच्या परकराच्या चिंधीतून बाई कापली, बोटाएवढी, आणि तिच्या डोक्यावर पिवळ्या कापडाची घागर टाचली. मी पटापट दोरे ओवून देत होते. त्या हंगामात पहिल्यांदा मी स्वखुशीने दोरे ओवले.

शांताबाई चुलीपाशी ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"नाई," ती म्हणाली.

आम्हाला वाटलं, सुपाशी काही बोलतेय.

"मी तिथून कवाच पानी भरलं नाई, बाबा."

"मले मालूम नाई का?" बाबा म्हणाले. "म्हनून त म्हनतो, इथं तरी भर."

"मंग मी माह्या पोराईले काय सांगू?" शांताबाई उठून गोधडीपाशी आली. "आम्ही मजेत पानी भरत होतो न उगाच गाव सोडून आलो, असं सांगू? उन्हायात नदी आटली का मले कोन धाडत होतं तिथं? माय वावरात, तुम्ही वावरात. मी जात होती. मी चिंचेखाली उभी राहत होती, तिकडं, दूर. कोन्या बाईच्या मनात येईन न वरून धार सोडीन म्हनून. कवा सकायपासून दुपार होत होती." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही दोघं विहिरीवरून भांडले. तिथं मी उभी होती. माहं मी सांगते तसं काढ. चिंचेखाली काढ."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. मग भिंतीकडे पाहूनच म्हणाले, "काढ. थे म्हनते तसं काढ."

मायने ओट्यावरची बाई उसवली आणि ठिगळाच्या पार कडेला नेऊन ठेवली. तिच्यावर एक हिरवी चिंधी धरली, चिंच म्हणून. सगळं लावून पाहिलं आणि सुई हातात घेऊन थांबली. मग हळू आवाजात विचारलं. इतक्या दिवसांत तिने तसं कोणालाच काही विचारलं नव्हतं.

"घागर भरलेली का रिकामी, शांते?"

"रिकामी."

आमच्याकडे बाई भरलेली घागर डोक्यावर घेते आणि रिकामी कमरेवर. मायने डोक्यावरची घागर उसवली आणि कमरेवर शिवली.